गटारात न गेलेलं ऑइल

गॅरेजमध्ये त्याला सगळे काडी म्हणत. अंगकाठी अगदी नावाला शोभेशी, पण गंजून बसलेला नटसुद्धा त्याच्यापुढे फार वेळ हट्ट धरत नसे. गॅरेज उस्तादांचं. कामाला काडीखेरीज दोघं, तेही टोपणनावांचेच: आडदांड पैलवान आणि जाड भिंगांचा चष्मा. गाड्यांमधून काढलेलं जळकं ऑइल संध्याकाळी मागच्या गटारात ओतायचं, गटार पुढे ओढ्याला मिळायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

एक दिवस काडीनं ऑइलचा ट्रे ओतायला उचलला आणि तसाच खाली ठेवला. मोठं असं काही घडलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी पुलावरून घरी जाताना त्याला पाण्यावर रंगीत तवंग दिसला होता आणि मनात आलं होतं, हे आपलंच की. बस, एवढंच. पण ते डोक्यातून जाईना.

"काय रे, थांबलास का?" पैलवानानं विचारलं.

खरं सांगायला जीभ रेटेना. "मामाला हवंय," तो बोलून गेला. "बांधकामावर. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात ना, सिमेंट चिकटू नये म्हणून."

"मग ने की. फुकट जाण्यापेक्षा बरं."

उस्तादांनीही हरकत घेतली नाही. कोपऱ्यात एक रिकामा ड्रम उभा राहिला. गंमत म्हणजे मामाचं नाव निघताच सगळेच मदतीला धावले. चष्मा तर ऑइल फडक्यातून गाळून ओतायचा, कामात खोट नको म्हणून. सुट्टीच्या दिवशी काडी हातगाडीवर ड्रम चढवून शहराच्या टोकाला न्यायचा. तिथे जुनं ऑइल शुद्ध करणारा कारखाना होता. घरी परतेपर्यंत खांदे भरून यायचे, पण झोप छान लागायची.

वहिनीच्या नजरेतून हे सुटलं नाही. तो अंगणात हातांचा काळेपणा घासत बसला होता, तेव्हा तिनं विचारलंच, "भावजी, सुट्टी सोडून हातगाडी कसली ओढताय?"

त्यानं सगळं सांगितलं. मामाचं ऐकून ती खो-खो हसली. "अहो, मामांनी जन्मात वीट उचललेली नाही. ते कपडे शिवतात!"

"मग काय सांगू? ओढ्याची काळजी वाटते म्हणून? बायकी म्हणून हसतील मला."

"बायकी म्हणजे काय हो? मी इथंच उभी आहे म्हटलं."

काडी ओशाळला. "तसं नाही गं, वहिनी."

"तसंच आहे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. तुम्हाला लाज ओढ्याची वाटते की गॅरेजातल्या त्या दोघांची, ते एकदा ठरवा." आणि ती बादली उचलून आत गेली.

त्याचं ठरायच्या आतच पितळ उघडं पडलं. मामांची स्कूटर बंद पडली आणि ते ती ढकलत थेट गॅरेजात आले. काडीचे मामा आले म्हटल्यावर पैलवानानं मोठ्या अगत्यानं विचारलं, "काय मामा, ऑइल पुरतंय ना?"

"कसलं ऑइल?" मामा घाम पुसत म्हणाले. "माझ्या शिलाई मशीनला दोन थेंब बास होतात."

सगळ्यांच्या माना काडीकडे वळल्या. स्कूटर सुरू होऊन मामा गेले. मग चष्म्यानं विचारलं, "मग नेतोस कुठे? विकतोस की काय?"

आणखी एक थाप जिभेवर तयार होती. काडीनं ती गिळली.

"नाही. कारखान्यात देऊन येतो. ओढ्यात जाऊ नये म्हणून. दुसरं काही कारण नाही."

"ओढ्यासाठी?" चष्म्याला हसू आवरेना. "आता बेडकांना अंगाईही म्हणत जा!"

काडीचे कान तापले. पण बोलून टाकल्यावर त्याला हलकंही वाटलं. फार तर हसतात, यापलीकडे काय होणार होतं?

उस्ताद मात्र हसले नाहीत. "मामासाठी म्हणून मी जागा दिली होती. खोटं बोलून माझा कोपरा अडवलास. पैलवान, तो ड्रम आत्ताच्या आत्ता रिकामा कर."

"खोटं बोललो ते चुकलंच, उस्ताद," काडी म्हणाला. "कोपरा तुमचा आहे, मी ड्रम घरी नेतो. पण हे गटारात जाणार नाही. मी ओतणार नाही आणि ओतूही देणार नाही."

"कामावरून काढलं तर?"

"काढा. ड्रम घेऊनच जाईन."

तो जाऊन ड्रमच्या झाकणावर बसला. पैलवान समोर येऊन उभा राहिला. मनात आणलं असतं तर त्यानं ड्रमसकट काडीला उचलून बाहेर ठेवलं असतं. काडीनं झाकणाची कड घट्ट धरली.

पैलवानानं ड्रमला हात लावला आणि काढून घेतला. मग मान खाली घालून पुटपुटला, "माझी पोरगी ओढ्याकाठी खेळायचा हट्ट धरते. तिकडे साप आहे असं सांगून मी तिला घाबरवतो. साप कुठला आलाय तिथे. आहे ते हेच ऑइल."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" चष्म्यानं विचारलं.

"तू काय म्हटला असतास?"

चष्म्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिला.

उस्तादांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मागच्या छपराखाली ठेवा. एक थेंब जमिनीवर दिसला तर दोघांनाही हाकलीन," ते म्हणाले आणि गाडीखाली सरकले.

पुढच्या सुट्टीला हातगाडी पैलवानानं ओढली. चष्मा काही आला नाही. थट्टाही त्यानं सोडली नाही, पण ट्रे गटाराकडे न्यायचं त्यानं बंद केलं.

ओढा काही लगेच निवळला नाही. काडी रोज पुलावर थांबायचा आणि रोज तवंग दिसायचा. ओढ्याच्या वरच्या अंगाला आणखी एक गॅरेज होतं, उस्तादांच्या गॅरेजच्या दुप्पट मोठं. एका सकाळी काडी एक रिकामा ड्रम गडगडवत तिथे घेऊन गेला. ओळखपाळख कोणाशीच नव्हती. चार-पाच तरणीबांड पोरं हातातले पाने तसेच धरून त्याच्याकडे बघू लागली.

"जळकं ऑइल गटारात ओतू नका, यात ओता. मी येऊन नेत जाईन," तो म्हणाला.

"का बाबा? तुला काय पडलंय?"

"ओढा घाण होतो. मला ते बघवत नाही."

एक जण फिस्सकन हसला, मग सगळेच हसले. काडी त्यांचं हसून होईपर्यंत थांबला. मग त्यानं विचारलं, "कुठे ठेवू?"