कोरी पाटी आणि शून्य

१९६४ साली माझी विद्यार्थिनी निर्मला नंदुरबारच्या एका दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या काचपट्ट्या तयार करायची. रनाळ्याच्या धनुबाईच्या मानेला गाठ होती. गाठीत सुई घालून घेतलेला नमुना डॉक्टरांनी तपासला आणि लिहिले, ‘काही दिसले नाही.’

धनुबाईचा नवरा लोटन खुशीत म्हणाला, “काहीच नही शे. चाल घर.”

“थांबा दादा,” निर्मला म्हणाली. “काचेवर नुसतं रक्त आलंय. गाठीतलं काही आलंच नाही, तर दिसणार काय?”

“मंग हाऊ कागद खोटा शे का?”

“खोटा नाही, अर्धा आहे.”

ती डॉक्टरांकडे गेली. “साहेब, गाठीत आजार नसेल तेव्हाही आपण हेच शब्द लिहितो.”

“आता तू माझी मास्तरीण,” डॉक्टर हसले. त्यांनी लिहिले, ‘नमुना अपुरा. पुन्हा सुई घालावी.’ दुसऱ्या खेपेला गाठीचा क्षय स्पष्ट दिसला आणि धनुबाईला त्याच आठवड्यात औषध सुरू झाले.

तेव्हापासून तिथल्या प्रत्येक अहवालाची पहिली ओळ ठरली: नमुना पुरेसा की अपुरा.

मी आता वर्गात एक कोरी पाटी आणि एक शून्य लिहिलेली पाटी शेजारी ठेवतो, ‘मोजलेच नाही’ आणि ‘मोजले, पण काही निघाले नाही’ यांतला फरक विचारतो, आणि मग मुलांना निर्मलाची गोष्ट सांगतो.