मधलं लँडिंग

नानांनी पुस्तक फळीवर सरकवलं तेवढ्यात त्यातलं पत्र निसटलं आणि नेमकं बायकोच्या पायाशी पडलं. खुणेचा कागद होऊन ते कितीतरी दिवस या पुस्तकातून त्या पुस्तकात मुक्काम हलवत होतं.

"अजून उत्तर नाही दिलंत?" तिनं ते उचललं.

"कारण शोधतोय."

"स्वतःच केलेल्या कामाचं?"

नाना चष्मा पुसू लागले. पत्र एका कारखान्यातल्या फिटरबाईचं होतं. नोकरीत असताना नानांनी तिथल्या उंच टाकीच्या लोखंडी जिन्याचं ड्रॉइंग काढलं होतं. आता जिना गंजला होता, नवा बसवायचा होता. नव्या इंजिनिअरला बाकी सगळं पटलं होतं : पायरीची उंची, पाऊल टेकायची रुंदी, हाताशी येणारा कठडा. पटत नव्हतं ते मधलं लँडिंग. अर्ध्या चढावरचा तो सपाट टप्पा नानांनी नेहमीच्या दुप्पट रुंद ठेवला होता, आणि वर तिथे बाकही काढला होता. 'फुकटचं लोखंड,' म्हणून इंजिनिअर त्यावर काट मारायला निघाला होता. 'काका, लेखी कारण द्या, मग मी बघते त्याच्याकडे,' असं बाईनं कळवलं होतं.

भार, वारा, चढाचा कोन, सगळी पुस्तकं नानांनी पालथी घातली. त्यांत कारण नव्हतंच. ते नानांपाशी होतं, आणि सांगायची लाज वाटत होती.

"चला, जाऊन बघून येऊ," बायको म्हणाली. "जिना काही चावत नाही."

कारखान्याच्या फाटकाशी फिटरबाईनं दोघांच्या डोक्यावर हेल्मेट चढवली. "बरं झालं आलात, काका! या आठवड्यात ड्रॉइंग पक्कं होतंय."

नाना दोन्ही हातांनी कठडा धरून चढू लागले.

"अहो काका, शिडीला चिकटल्यासारखे काय चढता? हा जिना आहे. शिडी दोन्ही हातांनी धरायची, जिन्यावर समोर बघत चढायचं."

"हे मीच शिकवायचो पोरांना," नाना पुटपुटले. मागून बायकोला हसू आवरेना.

मधल्या लँडिंगवर जत्रा भरली होती. लठ्ठ स्टोअरकीपर बाकावर ऐसपैस बसला होता. "गुडघा हो," तो कुणी न विचारताच म्हणाला. एक ऑपरेटरबाई तोंडावर वारा घेत होती. कोपऱ्यात एक धिप्पाड वेल्डर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"रोज इथेच सुटते याची नाडी," फिटरबाई म्हणाली, आणि सगळे हसले. वेल्डरही हसला.

नानांनी पाहिलं, नाडी एकाच हातानं चालली होती. दुसऱ्या हाताची बोटं कठड्यावर पांढरी पडली होती.

ते स्टोअरकीपरला म्हणाले, "जरा सरका हो." मग वेल्डरला बाकाचं टोक दाखवलं. "बसून बांधा. घाई काय आहे?"

तो बसला. नानाही बसले. दोघंही खाली न बघता समोर बघत राहिले.

"मग, कारण काय सांगू इंजिनिअरला?" फिटरबाईनं विचारलं.

"लिहून कळवतो."

फाटकाबाहेर येताच बायकोनं कपाळावर हात मारला. "समोर उभी होती ती! सांगून टाकायचंत."

"तो नाडीवाला होता ना तिथे."

बायको थबकली. मग तिनं पोस्टाची वाट धरली.

पोस्टाच्या काउंटरवर उभ्याउभ्याच नानांनी लिहिलं : 'जिन्याआधी तिथे नुसती उभी शिडी होती. मापं घ्यायला चढलो आणि अर्ध्यावर घाबरलो. बसायला जागा नव्हती.'

"एवढंच?" बायको खांद्यावरून वाचत म्हणाली. "यासाठी इतके दिवस घर डोक्यावर घेतलंत?"

"इंजिनिअर हसला तर?"

"आधी शेवटपर्यंत चढून ये आणि मग हस, असं लिहा खाली."

नानांनी तेही लिहिलं, थोडं सौम्य करून. पाकीट पेटीच्या तोंडात सोडलं. आत ते पडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे त्यांनी पेटीची कड सोडली.