करंगळीतली देवी

शुक्रवार उजाडला की म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्या घरासमोर स्कूटर लावायला जागा उरत नसे. एच. डी. कोटेहून बाया बसने येत. आत पाटावर वेदवती बसलेली असे, उजवा हात पुढे करून. हाताची करंगळी आणि अनामिका आत वळलेली, बाकीची बोटं सरळ. शेजारी बसलेले अप्पाजी तिच्या करंगळीखाली, तळव्यावर कापूर ठेवत आणि पेटवत. कापूर जळून जाई, पण वेदवती डोळासुद्धा लववत नसे.

"नोडी," अप्पाजी म्हणत, "पाहा, अग्नी थंड झाला. हिंगलाजमाता बोटं वळवून आशीर्वाद देतेय. अशी मुद्रा कुठल्याही मशीनने करून दाखवा."

मशीनने कुणी कशाला बोटं वळवायची, हे विचारायचं कुणाला सुचत नसे. एका म्हाताऱ्याने मात्र एकदा शंका काढली होती, की आपला विठ्ठल तर कमरेवर हात ठेवून उभा, मग हे आशीर्वादाचं कसं? अप्पाजी अडले नाहीत. "भाऊ हात कमरेवर ठेवून उभा राहिला, की बहिणीलाच काम करावं लागतं, अल्वा, हो ना?" लोक खूश झाले.

ही देवी मुळात शिंपीण. कुवेंपुनगरातल्या अर्ध्या बायकांची पोलकी तिच्या हातची. स्कूटर घसरून तिचं कोपर मोडलं, प्लास्टर घातलं, हाड सांधलं. प्लास्टर निघाल्यावर बोटं वळायला लागली, बधिर झाली. ती पुन्हा दवाखान्यात जाणार, तोच सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी, कोटेहून देवऋषी अप्पाजींना आणलं. अप्पाजींनी आधी काय केलं, तर तिच्या हाताला जागोजागी चिमटे काढले. अंगठ्याला चिमटा बसला तशी ती कळवळली. करंगळीला बसलेला तिला कळलासुद्धा नाही. अप्पाजींचे डोळे चमकले, आणि त्याच दिवशी वेदवतीची देवी झाली.

देवी झाल्यावर माणसाला काय काय करता येत नाही, हे तिला हळूहळू समजत गेलं. बाहेर पडता येत नाही. हात गळाल्यासारखा वाटतो, असं म्हणता येत नाही. डॉक्टरकडे तर नाहीच नाही. हाताला सुरी लागली तर देवी कोपेल आणि घराचा वंश घेऊन जाईल, असं अप्पाजींनी बजावलं होतं. नवऱ्याकडे, शरतकडे, तिने विषय काढून पाहिला. बेळगोळच्या कारखान्यातून दमून आलेला तो म्हणाला, "सुम्ने बस गे वेदा, गप्प राहा. आईचं मन मोडू नको." अंगठ्याशेजारचं मांस बसत चाललं होतं. कात्री धरली की निसटून पडायची. दारात शंभर माणसं आणि बाहेर जायला एक वाट नाही, याची तिला मनातून भीती वाटत होती.

त्या शुक्रवारी गर्दीत डॉक्टर मृण्मयी होती. ती सोलापूरहून नुकतीच म्हैसूरला आलेली, हातांच्या नसांवर काम करणारी. दर्शनाला आली नव्हती. शेजारणीच्या हाती शिवायला पाठवलेलं पोलकं मागायला आली होती. पुढे केलेला हात पाहिला आणि पोलक्याचं विसरली.

"काकू," ती गोदावरीबाईंना म्हणाली, "देवीचा हात जरा हातात घेऊ?"

देवीचा हात कुणी मागितला तर नाही कसं म्हणायचं? मृण्मयीने ओल्या फडक्याने तळव्यावरची विभूती पुसली. खाली फोड होते. जुने, नवे, एकावर एक.

"अग्नी थंड नव्हता, काकू. हात भाजतच होता. भाजल्याची बातमी तेवढी हिला पोचत नव्हती."

मग तिने शिवणाचा खडू मागितला आणि अनामिकेच्या बरोबर मधोमध उभी रेघ ओढली. "या रेघेपासून करंगळीपर्यंत हात बधिर असणार, अंगठ्याकडचा जागा. वेदवती, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

सुई तिने गोदावरीबाईंच्याच हातात दिली. अंगठा, हो. तर्जनी, हो. मधलं बोट, हो. अनामिकेची अंगठ्याकडची बाजू, हो. रेघेच्या पलीकडे वेदवती गप्प. करंगळी, गप्प. गोदावरीबाईंनी पुन्हा टोचून पाहिलं. पुन्हा तेच.

"कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तीच ही नस," मृण्मयी म्हणाली. "करंगळी आणि अर्धी अनामिका तिच्याकडे. बोटं सरळ ठेवणारे हातातले बारके स्नायूसुद्धा तिच्याकडे. मोडलेल्या कोपरात ती दाबली गेलीय, म्हणून बोटं वळली. देवीला यायचंच होतं, तर ती अर्ध्या बोटावर का थांबेल?"

"देवी सूक्ष्म असते," अप्पाजी म्हणाले. "अर्ध्या बोटातही मावते."

मागे कुणीतरी हसलं. वेदवतीने डोळे उघडले आणि हात पुढे केला. "मग आज कापूर अंगठ्यावर ठेवा, अप्पाजी."

"आज मुहूर्त नाही."

"आज शुक्रवार आहे," गोदावरीबाई म्हणाल्या.

अप्पाजींना कोटेची बस आठवली. गर्दीनेच त्यांना वाट करून दिली.

"हात बरा होईल?" वेदवतीने विचारलं.

"नस मोकळी करावी लागेल. तुम्ही आधी आला असतात तर मी जास्त खात्रीने बोलले असते. आता किती परत येईल, सांगता येत नाही."

वेदवतीला रडू फुटलं, सगळ्यांसमोर. तरीही रांगेतली एक बाई सवयीने पुढे झाली आणि त्या हातावर डोकं टेकवू लागली. वेदवतीने हात मागे घेतला.

"याच्या पाया पडू नका. हा हात आजारी आहे. तुमच्या घरी कुणाच्या बोटांना मुंग्या येत असतील, भाजलेलं कळत नसेल, तर त्याला दवाखान्यात न्या, लगेच न्या. मला तुम्ही हार घातलेत, आणि माझा वेळ गेला."

गोदावरीबाईंनी सुई खाली ठेवली आणि दारात उभ्या शरतला म्हणाल्या, "ऑटो बोलाव."