भोपळ्याचे पाय

इंदूबाईंनी पिशवीतून दुधी भोपळा काढला, त्याला लोकरीची टोपी घातली आणि बायांसमोर छातीशी उभा धरून वरून शाल गुंडाळली, तेव्हा पारावर बसलेल्या नानाजींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "इंदूबाई, भाजी करायची सोडून त्याले कायले झोपवून राह्यल्या?"

सगळा पार हसला. बायाही पदराआड हसल्या.

इंदूबाई दिग्रसजवळच्या या गावच्या आशाताई. थंडीची चाहूल लागली की दिवस भरायच्या आत जन्मलेलं लेकरू कसं जगवायचं, ते त्या शिकवत फिरायच्या. शेगडी नको, आंघोळ नको. उघडं लेकरू उघड्या छातीला लावायचं, नाक मोकळं ठेवायचं, वरून पांघरायचं आणि पाय चाचपत राहायचं. पाय गार लागले की धोका. शिकवायला भोपळाच घ्यावा लागे, कारण त्यासाठी आपलं लेकरू कोण देणार? गावाने त्यांचं नाव भोपळेबाई पाडलं होतं. त्या वरवर हसायच्या, पण आतून जळायच्या. मागच्या हिवाळ्यात एक लेकरू शेगडीजवळ गुंडाळून ठेवलेलं असतानाच गेलं होतं, आणि ते हातात घेतलेलं त्यांना विसरता येत नव्हतं.

यंदा कापूस वेचणीच्या ऐन भरात, भर दुपारी गारा कोसळल्या. नानाजींची सून निकिता आठव्या महिन्यात होती. सासूबरोबर वावरातून घराकडे पळताना ती घसरून पडली आणि ऊन उतरायच्या आत घरीच बाळंत झाली. दवाखान्याची गाडी निघाली होती, पण रस्त्यावर बाभळी आडव्या झालेल्या. इंदूबाई तेवढ्या वेळेवर पोचल्या. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. रडली तीही मांजराच्या पिल्लासारखी.

निकिताचं रक्त थांबेना. इंदूबाईंचे दोन्ही हात तिथेच अडकले. सासू सुखीबाई गारांत भिजून स्वतःच थडथड कापत होत्या, आणि निकिताचा नवरा अक्षय कापूस घेऊन पुसदला गेलेला. सुखीबाईंनी नातीला हात लावला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "इचे पाय गार लागून राह्यले."

इंदूबाईंनी मान वळवून पाहिलं, पण हात हलवले नाहीत. आईला सोडावं तर आई जाते, न सोडावं तर लेकरू.

तेवढ्यात दार लोटून नानाजी आत आले. पाचवी होईपर्यंत त्या घरातला पुरुष बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे. सुखीबाईंनी त्यांना बाहेर व्हा म्हणून बजावलं. नानाजी भिंतीकडे तोंड करून बंडीची बटणं सोडत होते.

"मले द्या तिले," ते म्हणाले.

"तुम्हाले जमन?" इंदूबाईंनी विचारलं.

"दर हिवाळ्यात तुमचा भोपळा पाहून राह्यलो. हसत होतो, डोये मिटले नव्हते."

सुखीबाईंनी नातीला त्यांच्या हवाली केलं. त्यांनी तिला पांढऱ्या केसांच्या छातीवर बेडकासारखं उभं लावलं, तोंड एका बाजूला केलं, डोक्यावर आपला रुमाल बांधला आणि वरून रजई ओढून घेतली. कुठे काही सांगावं लागलं नाही. मग भिंतीकडे तोंड करून ते जे बसले, ते हललेच नाहीत. पारावर ज्यांचं तोंड कधी मिटत नसे, ते नानाजी रजईआड हात घालून फक्त पाय चाचपत होते.

बाहेर गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन रस्ता मोकळा करत होती. दिवेलागणीला गाडीचा आवाज आला. तोवर निकिताचं रक्त आटोक्यात आलं होतं.

"इंदूबाई," नानाजी हळूच म्हणाले, "पाय गरम लागून राह्यले."

इतका वेळ खंबीर राहिलेल्या इंदूबाई तेव्हा ढसाढसा रडल्या. इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

मायलेकी दवाखान्यातून सुखरूप घरी आल्या, मुलीचं नाव खुशी ठेवलं, आणि थंडी सरायच्या आधी इंदूबाईंनी पारासमोर पुन्हा भोपळा काढला. या खेपेला नानाजी उठून बायांच्या घोळक्यात शिरले. बायांनी सरकून जागा दिली. त्यांनी बंडी उघडली, भोपळा मागून घेतला, छातीला लावला, वरून शाल ओढली आणि कसं करायचं ते सांगू लागले. सांगता सांगता त्यांचा हात सवयीने शालीखाली गेला आणि भोपळ्याचे पाय शोधू लागला.

पारावर कोणीच हसलं नाही.