मागच्या खोलीतली बेलेतेच

अस्कालेच्या मागच्या खोलीत बेलेतेच एकोणीस वर्षं राहिली. दोघीही विधवा. एकीने पीठ आंबवायचं, दुसरीने मोठ्या तव्यावर इंजेरा भाजून विकायचा आणि दुपारी धूर निवळला की मिळून कॉफी प्यायची. अदिस अबाबातल्या त्या गल्लीत परक्याला त्या सख्ख्या बहिणीच वाटत.

मग मोठा रस्ता आला. पाडायच्या घरांच्या दारांवर लाल फुल्या पडल्या. ज्याच्या नावावर घराचा कागद, त्याला शहराबाहेर फ्लॅट मिळणार होता. कागद अस्कालेच्या नावावर होता.

नोंदणीला दोघी बरोबरच गेल्या. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "घरात आणखी कोण राहतं, मावशी?"

दोन चुली सांगितल्या तर चौकशी लागते, प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं, अशी गल्लीत बोलवा होती.

"कुणी नाही," अस्काले म्हणाली. "मी एकटीच."

बेलेतेच तिच्या मागेच उभी होती. परतताना नेहमीसारखी तिनेच अस्कालेची पिशवी उचलली.

गल्ली पाडली गेली आणि अस्काले एकटीच फ्लॅटवर राहायला गेली. फ्लॅट चौथ्या मजल्यावर मिळाला. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा, आणि तवा तापवला की धुरावरून शेजारणींची भांडणं. दोन महिन्यांनी अस्काले तीन बस बदलून बेलेतेचला शोधत आली. जुन्या गल्लीजवळच्या चर्चच्या भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या आडोशात ती खोकत बसली होती.

"ऊठ, चल माझ्याकडे."

"आणि शेजाऱ्यांना काय सांगशील? मी कोण?"

"बहीण सांगेन गं."

"तेव्हा सांगायचं होतंस, ताई." बेलेतेच थोडं हसली. "जाऊ दे. कदाचित मीही तेच केलं असतं. पण आता तुझ्या घरात मला झोप लागायची नाही."

अस्काले पांघरूण ठेवून परतली. पुढे झडीचा पाऊस लागला, रस्ते तुंबले. महिन्याने ती आली तेव्हा आडोसा नव्हता.

"गेली ती. नऊ दिवस झाले," मेणबत्त्या विकणारी बाई म्हणाली.

एकमेकांचं मयत मिळून करणाऱ्या गल्लीच्या मंडळात बेलेतेचने एकही वर्गणी चुकवली नव्हती. पण गल्लीच पांगली होती; शोकाचा तंबू उभारायला, रडायला कोण येणार? चर्चच्या चार माणसांनी उरकलं होतं.

दफनभूमीत पाच नवे ढिगारे होते. त्यातला तिचा कुठला, हे रखवालदाराला सांगता येईना. अस्काले चिखलात बसून छाती पिटत मोठ्याने रडली. पावसाची सर वाढली, तसा रखवालदाराने तिला हाताला धरून उठवलं आणि बसथांब्यापर्यंत पोचवलं.