भाडेकरू

नव्या पायाला नाच शिकवणाऱ्या बाई पहिल्या दिवसापासून 'भाडेकरू' म्हणत. गुडघ्याखालचा डावा पाय अपघातात गेला आणि त्याच्या जागी हा आला. सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा, मधल्या वेळात कुरकुर करायचा. आत एक मोजा घातला तर सैल, दोन घातले तर घट्ट. क्लास आवरला रे आवरला की बाई त्याला काढून कोपऱ्यात उभा करायला लावत, तोही भिंतीकडे तोंड करून.

क्लासचा एक कडक नियम होता आणि तो खुद्द बाईंनीच केला होता. जोडीनं नाचताना खाली बघायचं नाही. जो बघेल त्यानं नंतर हॉल झाडायचा. आता पंचाईत अशी झाली होती की गेले तीन महिने हॉल बाईच झाडत होत्या. भाडेकरू नेमका कुठे आहे आणि काय उद्योग करतोय, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हॉल इतका लख्ख याआधी कधीच नव्हता.

गाणी लावायचं काम धाकट्या बहिणीकडे होतं. शेवटी तिनेच तोंड उघडलं.

"ताई, आज एक अख्खं गाणं नाच. एकदाही खाली न बघता. नाही जमलं तर शिकवायचं मी बघते. तू खुर्चीत बसून टाळ्यांनी ठेका धर."

"खुर्चीत?"

"उशी देते हवं तर."

नाचाशिवाय बाईंना दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला नकोही होतं. उशीचा तर त्यांना भयंकर राग आला.

जोडीला बेकरीवाले होते. अकरा वर्षांपासूनचे विद्यार्थी, माणूस लोण्यासारखा, पाय मात्र रोडरोलरचे. पूर्वी दर तासाला दोनदा तरी बाईंच्या डाव्या पायाचा चेंदामेंदा करत आणि शिव्या खात. भाडेकरू आल्यापासून मात्र ते इतके घाबरले होते की हातभर लांबूनच नाचत. बघणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून कपाट हलवताहेत.

"जवळ या," बाई म्हणाल्या. "कपाट नाही हलवायचंय."

"लागलं म्हणजे?"

"त्याला काय लागायचंय डोंबल."

गाणं सुरू झालं. पहिल्या गिरकीला बाईंची मान आपोआप खाली वळायला लागली. त्यांनी घाईघाईनं बेकरीवाल्यांच्या भुवईवर नजर रोवली. भुवईला पीठ लागलं होतं. दुसरी गिरकी. सगळा भार डाव्या बाजूला आला आणि डाव्या बाजूनं तो निमूटपणे पेलला. तिसऱ्या गिरकीला बाईंच्या पोटातून हसू वर यायला लागलं, आवरेना. चौथी, पाचवी. छत फिरत होतं, पंखा फिरत होता, धाकटी ठेका मोजायची विसरली होती. बेकरीवाल्यांनाही चेव आला. लांब राहायचं विसरून ते गुणगुणायला लागले आणि त्याच भरात त्यांचा बूट दाणकन पडला, अगदी जुन्या जागी.

"आई गं! अंगठा!" बाई छताकडे बघत ओरडल्या. "अकरा वर्षं झाली. अजून माझाच पाय सापडतो का हो तुम्हाला?"

"चुकलं, चुकलं," म्हणत बेकरीवाल्यांनी खाली पाहिलं. बूट बरोबर डाव्या अंगठ्यावर होता. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट गदागदा हलायला लागलं.

"बाई, पण हा तर..."

"खाली बघितलंत," बाई म्हणाल्या. "झाडू दारामागे आहे. आधी गाणं संपवा, ठेका चुकतोय."

गाणं संपलं तेव्हा धाकटी एका हातानं टाळ्या वाजवायचा प्रयत्न करत होती, कारण दुसऱ्यानं डोळे पुसत होती. बेकरीवाले हॉल झाडायला लागले, तेही गिरक्या घेत. बाई धापा टाकत बाकावर बसल्या आणि बुटावरूनच डावा अंगठा चोळायला लागल्या. चांगलाच ठणकत होता.

धाकटी रोजच्या सवयीनं समोर येऊन उभी राहिली.

"दे ताई, भाडेकरूला कोपऱ्यात ठेवते."

बाईंचा हात अंगठ्यावर थांबला.

"कोणाला?" त्यांनी विचारलं, आणि कोण आलंय ते बघायला दाराकडे मान वळवली.