भांड्यातला धूमकेतू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर मखमली हातमोजे घातलेले महाराज उभे होते आणि त्यांच्या पुढच्या खोल भांड्यातून पांढरा धूर काठावरून खाली ओघळत होता.

"हा धूमकेतूचा तुकडा," महाराज म्हणाले. "आकाशातला बर्फ. त्याचं पाणी होत नाही. तो थेट आकाशात परत जातो आणि जाताना तुमचा रोग सोबत नेतो."

मागच्या भिंतीशी उभी असलेली प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ दातओठ खात होती. असाच कोरडा बर्फ ती रोज थर्माकोलच्या खोक्यात भरून रक्ताचे नमुने पाठवायची. आठवडाभर घसा फोडून तिने धाकट्या बहिणीला हे सांगितलं होतं. बहिणीचं एकच पालुपद, "ताई, तुला सगळ्यातच खोट दिसते." आज तीच बहीण दमेकरी लेकीला घेऊन रांगेत पहिली होती. महाराजांच्या सांगण्यावरून मुलीचा दम्याचा पंप चार दिवस बंद होता.

महाराजांनी मुलीची मान भांड्यावर वाकवली. "खोल श्वास घे, बाळ."

मुलीला ठसका लागला. ताई गर्दी सारत धावली, भाचीला मागे ओढलं आणि व्यासपीठावरची पेटती मेणबत्ती भांड्यात धरली. ज्योत तत्क्षणी विझली. पुन्हा पेटवून धरली, पुन्हा विझली.

"हिच्या मनात श्रद्धा नाही, म्हणून विझली," महाराज शांतपणे म्हणाले. माना डोलल्या.

ताईने मागचा पडदा सारला. आत तसलंच थर्माकोलचं खोकं होतं, वर कोरड्या बर्फाच्या कारखान्याची चिठ्ठी आणि कालची तारीख.

"मग खऱ्या धूमकेतूला शेपटी कशी येते?" एका शिंप्याने विचारलं.

"तिथे अवकाशात हवेचा दाब नसतो," ताई म्हणाली. "ऊन लागलं की बर्फाचं पाणी न होता थेट वायू होतो, तो धूळ घेऊन उडतो. इथे हा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तोही न वितळता वायू होतो. त्यात ज्योत जगत नाही, पोरीचा श्वास कसा जगेल?"

शिंपी रांगेतून बाहेर पडला. पाठोपाठ आणखी काही जण. उरलेली रांग मात्र पुढे सरकली.

बाहेर पायरीवर बहीण फणफणली, "चारचौघांत शोभा केलीस माझी."

"माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस," ताई थकून म्हणाली. "मला विचार, डॉक्टरांना विचार, त्यालाही विचार. प्रश्न विचारल्यावर जो तुझ्या श्रद्धेत खोट काढतो, त्याच्या हाती लेकीचा श्वास देऊ नकोस."

बहिणीने पर्सच्या तळाशी चाचपून पंप काढला आणि लेकीच्या तोंडाला लावला.